भेंडीच्या अंगाला

मी हिरा. माहेर माझं वरसाव्याचं, सासर हे नवघर. वरसाव्याला आमचं घर खाडीला लागून, आता तिथं पुलाशेजारी पूल झालाय आन ट्रकांची ही रांग लागते, पन तवा काय नव्हतं, खाडी, डोंगर आन आमी. बाप रेतीवाला व्हता. रेतीवाला म्हंजे दुकान टाकून बसलेला न्हाय हां ताई, होडी घेऊन खाडीत जायचा, बालडी धरून बुडी मारायचा, तळाची रेती भरून वर यायचा, दिवसभर तेच, कानातून पू वाहायचा त्याच्या, शेवटी बहिरा झाला. आमी दोनच भावंडं, मी आन माझा धाकटा भाऊ दामू. दामूचं नाव ध्यानात ठेवा, तो पुढं येतोय. लगीन झालं तवा मी किती वरसांची व्हते ते विचारू नका, या वयात पोलिसात द्याल मला.

नवघरला आले तवा इथं बिल्डिंगी नव्हत्या. मिठागरं, भाताची खाचरं, आमचा गाव, आन गाव आन टेशनच्या मधी ही बाग. तुमी बागेचा इतिहास लिहायला बसलाय ना, तर पयलं हे लिहा, की ही बाग म्युन्सिपाल्टीनं न्हाय केली. गावाची आंबराई व्हती आन एक तळं व्हतं. मिठाच्या धंद्यावाला एक शेठ व्हता, त्यानं दगडी कारंजं बांधलं, बसायला दगडी बाकडी केली, गेटला कमान केली, कमानीवर त्याच्या आईचं नाव कोरलेलं हाय, अजून हाय, चुना मारून मारून वाचता येत न्हाय येवढंच. सासरा सांगायचा, कारंजं पयल्यांदा उडालं तवा अख्खा गाव बघायला उभा, आन कोन तरी म्हातारी बोलली, येवढं पानी फुकट हवेत उडवतात, डोकं फिरलंय काय यांचं. हसू नका, बरोबरच बोलली ती. आन बागेच्या मागच्या भिंतीपलीकडं एक पडीक तुकडा व्हता. दोनच झाडं, एक भेंडीचं, एक चिंचेचं. भाजीची भेंडी न्हाय ओ, झाड, खाडीकडं असतं ते, पिवळी फुलं येतात, संध्याकाळी लाल व्हतात. तिकडं कोनी गुरं नेत नव्हतं, बाया सरपनाला जात नव्हत्या. ती पोरांची जागा व्हती.

आता कसं सांगू तुमाला. आमच्यात पोराला दात यायच्या आत ते गेलं तर जाळत न्हाईत, पुरतात. न्यायला बाप आन मामा, दोघंच. आई जात न्हाय. परत येताना मागं बघत न्हाईत. वर दगड ठेवत न्हाईत, काठी रोवत न्हाईत, आन जागा आईला कदी म्हंजे कदी सांगत न्हाईत. सांगितली तर आईचे पाय तिकडंच वळतात, मन घरात लागत न्हाय, आन पुढचं पोर टिकत न्हाय. असं आमची सगळी बोलायची. खरं खोटं देव जाने, पन ज्या बाईचं एक गेलंय ती दुसऱ्यावर असली परीक्षा कशाला करील, सांगा तुमी.

माझा पयला पोर. जनार्दन नाव ठेवलं, सासऱ्याच्या बापाचं, मी जना बोलायचे. हिरड्या शिवशिवायच्या त्याला, माझं बोट घेऊन चावायचा, मी सासूला बोलायचे, आत्या, आला बघा दात, आत्या बोट घालून बघायची आन बोलायची, न्हाय ग, अजून अवकाश हाय. ताप आला आन त्यातच गेला. डॉक्टर मुंबईला न्या बोलला, नेईपर्यंत काय राहिलंच न्हाय. माझ्या मांडीवरनं उचलला त्याला आमच्या ह्यांनी. ह्यांनी म्हंजे माझा नवरा, नाव मी घेत न्हाय, आता सगळे त्याला म्हातारा बोलतात तर मी पन म्हातारा बोलते. त्यानं उचलला, दामूनं कुदळ घेतली, दोघं मागच्या दारानं गेले. मला आत्यानं खोलीत धरून ठेवली. त्यानंतर दूध थांबेना ताई. पोर न्हाय आन दूध वाहतंय, चोळी भिजून जायची. आत्या बोलली, भिंतीवर पीळ, जमिनीवर सांडू नको. मी भिंतीवर पिळायचे. मागच्या पडवीच्या भिंतीवर वघळ दिसायचे त्याचे, पावसाळ्यात गेले.

मंग मला दोन पोरी झाल्या, दोन्ही जगल्या, एक नालासोपाऱ्याला दिलीय, एक वसईला. त्या जगाव्या म्हनूनच मी विचारलं न्हाय. पन एकदा आत्या आजारी व्हती, तिचे पाय चेपत व्हते, ती आपली ग्लानीत बडबडत व्हती, आन बोलून गेली, भेंडीच्या अंगाला हाय तुझा, सावलीत हाय. येवढंच. तिला कोनी सांगितलं माहीत न्हाय, दामूनंच सांगितलं असनार, त्याच्या पोटात काय राहत नव्हतं. नंतर दामू दारूपायी गेला. आत्या पन गेली. पन मला माझं मिळालं व्हतं. भेंडीच्या अंगाला.

पुढं गावाची ग्रामपंचायत गेली, नगरपालिका आली, मंग महापालिका. बिल्डिंगी उठल्या. मिठागरं बंद पडली, म्हातारा स्टीलच्या भांड्याच्या गाळ्यात पॉलिश मारायला लागला, संध्याकाळी काळाठिक्कर होऊन यायचा. आन बागेची मागची भिंत पाडली ओ! पडीक तुकडा बागेत घेतला. चिंच तोडली, तिकडं पब्लिकसाठी संडास बांधला, भेंडीच्या खाली हिरवळ लावली. गावातले म्हातारे कुजबुजले, पन बोलनार काय, कागदावर ती जागा कोनाचीच नव्हती. मी मात्र, खरं सांगते, खूश झाले. भिंत पडली म्हंजे मला वाट मोकळी झाली. बागेला बाया पायजेत असं कळलं तशी मी जाऊन उभी राहिले. झाडू मारायचा, पानी घालायचं, गवत काढायचं. घरी म्हातारा एकदम खवळला. बोलला, कुठं पन काम कर, तिथं न्हाय. मी बोलले, का, पोरी मोठ्या झाल्या, आता कसली भीती? तो ताट तसंच सारून उठला.

पन मी गेले. तेव्हापास्नं हाय. कंत्राटदार किती बदलले, प्रत्येकानं वेगळ्या रंगाची साडी दिली, आता तर ते चमकनारं जाकीट देतात, रिक्षावाले बोलतात आजी इंजिनीयर झाली. आन ती भेंडी मी जपली. तिच्या खाली कोनी बसायचं न्हाय. लव्हर लोक आले तर झाडूनं धूळ उडवायची, खोकत उठायचे. आमची ती जिग्नाबेन, हास्यक्लबवाली, ती एकदा सतरंजी टाकून योगा करत बसली तिथं, मी बोलले, बेन, उधर मुंगळे हैं, लाल लाल, बहुत काटते हैं. ती बोलली, हमको तो एक नहीं दिखता. मी बोलले, बैठो, फिर दिखेगा. उठली बिचारी. आंबा आला की पयला आंबा मी भेंडीखाली ठेवायचे. दिवाळीला करंजी. पोरींची लग्नं झाली तवा हळदीचं बोट लावलं खोडाला, बोलले, तुझ्या बहिनी चालल्या रे. कोनाला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याला पन न्हाय, का असंल पन, तो बागेत पाऊल टाकत नव्हता. टेशनला जायचं तर बागेतनं सरळ वाट हाय, तर तो पठ्ठ्या अख्खा वळसा घालून बाजारातनं जायचा. मला वाटायचं, किती दगड मानूस हाय हा, पोराच्या जागेजवळनं चालायची पन याला भीती.

आन संडास पन माझ्याच गळ्यात पडला. साफ करनारा टिकायचा न्हाय, पळून जायचा, सुपरवायझर बोलायचा, मौसी, आज का दिन देख लो. असं करत करत कायमचाच झाला. या संडासावरनं आमच्या घरात जेवढी भांडनं झाली तेवढी कशावरनं झाली नसतील. बाग कर पन संडास धरू नको, हेच एक त्याचं. मी घरी येऊन सांगायचे, आज असं तुंबलं, कोनी असं करून ठेवलं, तर हा हातातली बशी आपटायचा. मला वाटायचं जातीचा माज हाय. पाटलाची सून संडास धुते, लोक काय बोलतील. मी बोलायचे, लोक काय बोलायचं ते बोलू दे, पोट तुझ्या पाटीलकीनं भरत न्हाय. तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

आता हे सुशोभीकरन आलं. गेटला बोर्ड लागला, ऐतिहासिक उद्यान, एक शिकलेला पोरगा आलेला माहिती गोळा करायला, शेठचं कारंजं लिहून घेतलं, तळं लिहून घेतलं, मी बोलले मागं पोरांची जागा व्हती, तो बोलला, आजी, खेळायची जागा का, आन पुढं गेला. मी पन दुरुस्त केलं न्हाय. मंग नकाशा लागला, गान्यावर नाचनारं नवीन कारंजं, आन ते कुठं, तर बरोबर भेंडीवर. सुपरवायझरनं दाखवलं मला बोट ठेवून.

मी पयलं सांगून बघितलं. सुपरवायझरला बोलले झाड जुनं हाय, साहेबाला बोलले सावली हाय. जिग्नाबेनला बोलले. ती बाई उलट भारी निघाली हां, मी तिला मुंगळ्यांचं खोटं सांगून उठवलेली, आन तिनं अख्खा हास्यक्लब उभा केला. बॅनर आला, झाडे वाचवा. माझा फोटो काढला खोडाला मिठी मारलेला, तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला, नवघरची झाडवाली आजी. पोरी सासरहून फोन करतात, आई तू फेमस झालीस. सगळ्यांना वाटलं आजीला झाडाची माया. मी काय सांगू? मला झाड वाचवायचं नव्हतं ताई. झाड गेलं असतं तरी चाललं असतं. मला खालची माती हलू द्यायची नव्हती.

एका सकाळी जेसीबी आला, त्यानं दोन दात मारले, भेंडीच्या एका बाजूची मुळं उघडी पडली, खड्डा झाला. मी झाडू टाकला आन खड्ड्यात जाऊन बसले. फतकल मारून. ड्रायव्हर ओरडतोय, ओ मौसी, मरना है क्या. मी बोलले, हां, मरना है, चला. गर्दी झाली. हास्यक्लबवाले घोषना देतायत, मोबाइल वर करून उभे. पोलीस आले, एक लेडीज पोलीस व्हती, कवळी पोरगी, खड्ड्यात उतरली माझ्यासाठी, बूट चिखलात. बोलली, आजी, झाड दुसरीकडं लावतील, उठा ना. तिच्या तोंडाकडं बघितलं आन माझा बांध फुटला. बोलले, बाय ग, माझा पोर हाय इथं खाली. मंग ती वर गेली आन जेसीबीवाल्याला मशीन बंद करायला लावलं, आन कोनाला तरी बोलली, यांच्या घरचं मानूस आना.

पुतन्यानं म्हाताऱ्याला स्कूटरवर आनला. मला खड्ड्यातनं गेट दिसत व्हतं. म्हातारा कमानीखाली थांबला. कितीतरी वेळ थांबला. मंग त्यानं चपला काढल्या, कमानीशी ठेवल्या आन अनवानी आत आला. मला वाटलं हे काय नवीन, बागेत कोन चपला काढतं. खड्ड्याच्या कडेला येऊन उकिडवा बसला. बोलला, ऊठ. मी बोलले, न्हाय उठत, तू पुरलास आन विसरलास, मी न्हाय विसरले. तो बोलला, हिरे, ऊठ, तो इथं न्हाय. अख्ख्या संसारात त्यानं मला चारचौघात नावानं हाक मारली नव्हती. मी बोलले, आत्यानं सांगितलंय मला, भेंडीच्या अंगाला. तो बोलला, अंगाला, खाली न्हाय. इथं मुळं लागली, दामूची कुदळ चालेना. पलीकडं नेला.

पलीकडं कुठं?

मी बोलले, सांग, न्हायतर घाल ती मशीन माझ्यावर. जागेकडं बोट करत न्हाईत आमच्यात. त्यानं नुसती हनुवटी वर केली. मी वळून बघितलं. चिंच व्हती पूर्वी त्या बाजूला. आता संडास हाय.

कोनी काय बोललं, कसं उठले, मला आठवत न्हाय. लेडीज पोलिसनं काखेत धरून वर काढली. तो आपला बोलतच व्हता, येवढी वरसं न बोललेलं सगळं त्या खड्ड्याच्या काठावर बोलला. की संडासाचा पाया खोदत व्हते तवा गाळ्यावर दांडी मारून तो बागेबाहेर उभा राहायचा, प्रत्येक पाटी बघायचा मातीची. काय निघालं न्हाय, बोलला, नुसती माती निघाली, काळी, ती पन ट्रकात भरून कुठं नेली देव जाने. थोडी राहिली असंल खाली. तुला कसं सांगनार व्हतो मी, बोलला, तू तर तिथंच धुवायला जायचीस.

मी त्याला मारलं ताई. पब्लिकमधी, नवऱ्याला, या वयात, छातीवर बुक्क्या मारल्या. तो मार खात उभा राहिला. अरे, तू मला एकदा सांगायचंस! मी त्या जागेला रोज शिव्या घातल्यात. नाकाला पदर लावून थुंकलेय मी तिथं. फिनेल ओतलं, तुंबलं की अ‍ॅसिड ओतलं, खराट्यानं खसाखसा घासलं, मेला संडास, सडला मेला, असं बोलले. आंबा झाडाला दिला, करंजी झाडाला दिली, आन माझ्या जनाला अ‍ॅसिड. मी आई हाय की कोन हाय, सांगा मला.

मी उठले तशी भेंडी गेली. दुपारपर्यंत करवतीनं तुकडे केले. हास्यक्लबवाले माझ्याकडं बघेनात. कोनी तरी मोबाइलवर टाकलं, आजी मॅनेज झाली. पुतन्यानं वाचून दाखवलं. कोन बोलतं कंत्राटदारानं पाकीट दिलं, कोन बोलतं पोरीच्या नवऱ्याला नोकरी लावली. जिग्नाबेन एकटी आली घरी, चहाला बसली, बोलली, हिराबेन, सच्ची बात क्या है. मी बोलले, कुछ नहीं बेन, थक गयी मैं. तिला सांगून काय, ती पन तोच संडास वापरते, बिचारीचं तिकडं जानं बंद व्हईल.

ते नवीन कारंजं आता चालू हाय. संध्याकाळी गानी लागतात, पानी लाल हिरवं व्हतं, पोरं नाचतात. वाईट न्हाय ते, पोरं नाचतात म्हंजे वाईट कसं बोलू. संडास तोडनार न्हाईत, बाहेरनं नवीन लाद्या लावल्या. मी सुपरवायझरला बोलले, मला झाडू नको, पानी नको, मला फक्त संडास दे. तो हसला, बोलला, मौसी, इससे तो सब भागते हैं, तुम माँग रही हो? दिला. आता मी चपला बाहेर काढते आन आत जाते. तो ओरडतो, गमबूट दिलेत ना, बीमारी होगी, फोटो काढावा लागतो बुटातला, तर फोटोपुरते घालते आन काढते. अ‍ॅसिड मी बंद केलं. साबन आन पानी, हातानं घासते. जास्त वेळ लागतो, लागू दे, मला कुठं जायचंय.

म्हाताऱ्याशी लय दिवस बोलले न्हाय. भाकर वाढायचे, तोंड फिरवायचे. एक दिवस बघते तर संडासाबाहेरच्या नळावर म्हातारा बालडी भरतोय. उचलताना पानी सांडतं त्याचं. भरलेली बालडी दाराशी ठेवतो आन शेठच्या बाकड्यावर जाऊन बसतो. तेव्हापास्नं रोज येतो, चपला कमानीशी काढून. आमी त्यावर बोलत न्हाय. त्यानं माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं का स्वतःसाठी, ते मी अजून ठरवलं न्हाय. माफ केलं असं पन नका लिहू. बालडी घेते मी त्याच्या हातची, येवढं लिहा.

तुमी विचारत व्हता की बोर्डावर काय लिहायला पायजे. काय नको. जागा आईला सांगत न्हाईत ते बरोबरच व्हतं बहुतेक, पाय तिकडंच वळतात, ते पन खरं निघालं. संडास तोडा असं पन मी बोलत न्हाय, टेशनवरनं उतरलेल्या बाया जातील कुठं, रिक्षावाले जातील कुठं, त्यांची पन गरज हाय. सुखात रहा सगळी, तुमची लेकरं मोठी होऊ दे, त्यांचे सगळे दात तुमाला बघायला मिळू दे. फक्त कवा तिकडं गेलात ताई, तर थुंकू नका. आन भरपूर पानी टाका. दाराशी बालडी भरलेली असते.